नजरेचा रोजमेळ : बडोद्यात राहून बघायला शिकण्याची एक रीत

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी मी एका दिवसात अख्खं बडोदं बघायचं ठरवलं. सकाळी कमाटीबाग, मग म्युझियम, दुपारी राजवाडा, संध्याकाळी सूरसागर. घरी आले तेव्हा मोबाइलमध्ये दोनशे सोळा फोटो होते आणि पाय सुजले होते. आईनं विचारलं, "काय काय बघितलंस?" मला "छान होतं सगळं" यापलीकडे काही सांगता येईना. आई म्हणाली, "मग तिकिटाचे पैसे वाया गेले की गं."

ते लागलं, कारण एकतीस वर्षं मी जमाखर्चच लिहिला. त्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात की व्यवहार झाला त्याच दिवशी रोजमेळात चढवायचा, रकमेसकट. 'आज बरीच विक्री झाली' असं कोणी लिहीत नाही. डोळ्यांसमोरून दिवसभर जे जातं त्याच्यापुढे मात्र आपण 'छान होतं' लिहून वही मिटतो. म्हणून मी बघण्याचाच रोजमेळ ठेवायला घेतला. आता त्याची रीत बऱ्यापैकी बसली आहे, ती इथे सांगते. चित्रकला यायला हवी असं नाही. मला गणपतीसुद्धा धड काढता येत नाही. एक वही, एक पेन, रोजची पंधरा मिनिटं आणि त्याच त्या जागी पुन्हा जायची तयारी, एवढंच लागतं. शेवटचं सगळ्यात अवघड.

पायरी 1 : वही आणि तिचे रकाने

शाळकरी, रेघांची, दोनशे पानी वही घ्या. भारी बांधणीची नको. तिच्यात गिचमिड करायचा धीर होत नाही आणि ती कपाटातच राहते. पानावर चार रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, तपशील. रोज एकच नोंद, तीन ओळींच्या आत, आणि शक्यतो जागेवरच. घरी येऊन लिहिलं की त्यात आपली मल्लिनाथी शिरते.

नियम दोनच. 'सुंदर', 'छान', 'मस्त', 'अप्रतिम' हे शब्द वहीत चालणार नाहीत. आणि प्रत्येक नोंदीत निदान एक गोष्ट अशी हवी की जी मोजता येईल, किंवा जिला हात लावता येईल, किंवा जी कानावर पडेल. माझी पहिली नोंद 'सूरसागरला संध्याकाळ फार सुंदर होती' अशी होती. ती खोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि लिहिलं: 'सूरसागर, सव्वासहा. पाणी शेवाळी, फक्त मावळतीकडचा पट्टा चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा. कठड्यावर सात कावळे, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.' ही नोंद मी आज वाचली तरी तो वारा अंगावर येतो. पहिलीत कुठलंही गाव घाला, चालेल.

रंगांची नावं सुचत नाहीत अशी तक्रार सुरुवातीला सगळेच करतात. साडीच्या दुकानात जा. अबोली, आमसुली, कोनफळी, मोतिया, डाळिंबी, अंजिरी, विटकरी, राखी, मोरपंखी: आपल्या आज्यांनी हे सगळं साठवून ठेवलं आहे. कोनफळी आणि जांभळ्यातला फरक ज्या बाईला दुकानदाराच्या आधी कळतो, तिला आभाळ नुसतं निळं दिसतं हे मला पटत नाही.

पायरी 2 : घरातली एक जागा, पंधरा दिवस

बाहेर जायची घाई नको. घरातली एक खिडकी, गॅलरीचा एक कोपरा किंवा जिन्याचा एक टप्पा निवडा आणि पंधरा दिवस ठरलेल्या वेळी तिथेच बघा. मी स्वयंपाकघराची खिडकी घेतली. समोर शेजाऱ्यांच्या घराची बाजूची भिंत, दुसरं काही नाही. मुद्दाम घेतली असं नाही, चहा तिथेच होतो म्हणून घेतली.

पहिले तीन दिवस उत्साहात जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास वाटतं की झालं, संपली भिंत. इथे बहुतेक जण सोडतात. माझ्या वहीत पाचव्या दिवशी 'भिंत. काही नाही' एवढंच आहे. सहाव्या दिवशी दिसलं की गुलाबी चुन्याचा पोपडा जिथे पडला आहे तिथे खाली निळा रंग आहे, आणि निळ्याच्याही खाली पांढरा. म्हणजे तीन कारभार त्या भिंतीनं बघितले. नवव्या दिवशी लक्षात आलं की केबलच्या वायरची सावली आधी ज्या खिळ्यावर यायची, तिथे ती आता येत नाही. सूर्य सरकतो हे भूगोलात शिकले होते, पण तो माझ्या चहाच्या वेळेत सरकतो हे त्या खिळ्यानं शिकवलं.

उजेडावर नीट लक्ष बसवायचं असेल तर आपल्याकडे एक सोय आहे. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं खाली येतं, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर असतो: जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या. जुलैत ढग असतात, म्हणून जूनच धरा. गच्चीवर स्टीलचा एक उभा डबा ठेवा आणि साडेबारा वाजल्यापासून त्याची सावली बघत बसा. बाराला नाही, कारण आपलं घड्याळ आपल्या पूर्वेकडच्या रेखावृत्ताचं आहे आणि आपला खरा मध्यान्ह त्यानंतर साधारण अर्ध्या तासानं होतो. साडेबारानंतर पाच-सहा मिनिटांनी सावली डब्याच्या बुडाशी गोळा होते आणि नाहीशी होते. डोक्यावर टोपी हवी, पायात चप्पल हवी. मी पहिल्या वर्षी अनवाणी गेले होते.

पायरी 3 : एका चित्रासमोर अर्धा तास

ही पायरी मी सविस्तर सांगणार, कारण माणसं चित्रासमोर सर्वांत कमी थांबतात. पाटी वाचतात, फोटो काढतात, पुढे. आणि गाव कुठलं, तर बडोदं! नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून 1875 साली इथे दत्तक आलेल्या सयाजीरावांनी प्रजेला बघायला मिळावं म्हणून बागेत म्युझियम उभं केलं, ते 1894 साली पुरं झालं. पुढे शेजारी चित्रसंग्रहालय आलं. 1950 साली विद्यापीठात ललितकला शाखा निघाली आणि तिच्या चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख होते आपले इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे. आपण चित्रांच्या गावात राहतो आणि पाट्या वाचतो.

सुरुवात कीर्तिमंदिरापासून करा. गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ 1936 साली बांधलेली ही वास्तू. आतल्या मुख्य दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात भित्तिचित्रं केली: गंगावतरण, मीराबाईचं चरित्र, नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. चारही बघायचा मोह आवरा. एकच निवडा. मी नटीर पूजा घेतली. राजानं बंदी घातलेली असतानाही बुद्धाच्या स्तूपापुढे नृत्य करून पूजा करणाऱ्या आणि त्यापायी जीव देणाऱ्या राजनर्तकीची ती कथा.

अर्ध्या तासाचे मी असे तुकडे पाडते. पहिली पाच मिनिटं कथा विसरायची आणि फक्त रेषेमागून जायचं. एक रेष धरा, पदराची किंवा दंडाची, आणि ती कुठे जाऊन थांबते ते बघा. बोसांची रेष सहसा थांबत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यात शिरते. मग पाच मिनिटं हात मोजा, नुसते हात. कुठला हात काय करतो, कुठला उगाच लोंबतो, कुठल्या दोन हातांमध्ये मोकळी जागा राहिली आहे. पुढची पाच मिनिटं रिकाम्या जागेची. जिथे काहीच काढलेलं नाही तिथे बघत राहिलं की गर्दी कुठे दाटली आहे ते आपोआप कळतं. नंतर चित्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि जे आठवेल ते वहीत लिहायचं. हे झाल्याशिवाय मागे वळायचं नाही. वळल्यावर कळतं की आपण रंग चुकीचे लिहिले, माणसं कमी मोजली, आणि एखादी आकृती तर आपल्याला दिसलीच नव्हती. त्या न दिसलेल्या आकृतीला उरलेली मिनिटं द्या.

चित्रं उंचावर आहेत, त्यामुळे मान दुखते. मी दर पाच मिनिटांनी खाली बघते. लहान दुर्बीण असेल तर न्या. एकदा मी वही उघडून बराच वेळ उभी राहिले तर एका रखवालदारानं येऊन विचारलं, "मॅडम, सर्व्हे आहे का?" मी हो म्हणाले. फार प्रश्न आले नाहीत.

नंतर कधीतरी, त्याच दिवशी मात्र नको, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये जा. राजवाडा 1890 साली पुरा झाला. मेजर मँट यांनी आराखडा केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी बांधकाम तडीस नेलं. सयाजीरावांनी त्या राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली होती. रविवर्म्याची चित्रं इथे भरपूर आहेत. त्यांच्यापुढे रेष शोधू नका, कापड बघा. त्यानं पुराणातल्या बायकांना कितीदा नऊवारी नेसवली आहे! जरीचा काठ गुडघ्यावरून वळताना कुठे चमकतो आणि कुठे विझतो, निऱ्यांच्या खोबणीत रंग किती गडद होतो. मग घरी येऊन आजीचं नऊवार खुर्चीवर टाका, एका बाजूनं दिवा लावा आणि ताडून बघा. मला स्वतःला बोस जास्त जवळचे वाटतात, पण कापड शिकावं ते रविवर्म्याकडून.

बागेतल्या म्युझियममध्ये एवढंच करा: अकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्तींपाशी जा आणि चामरधारिणीसमोर तिच्यासारख्याच उभ्या राहा. एका पायावर भार, कंबर बाजूला. आसपास कोणी नाही ना ते बघून. अकराशेहून जास्त वर्षं ती तशी उभी आहे; आपल्याला दोन मिनिटांत रग लागते. अंगाला कळलेलं डोळे विसरत नाहीत.

जाण्याआधी या सगळ्या ठिकाणांच्या वेळा आणि सुटीचा वार विचारून घ्या. आत फोटोला बंदी असेल तर कुरकुरू नका, आपल्या दृष्टीनं ते बरंच.

पायरी 4 : पोळीत मान वर

पोळीत, म्हणजे खायच्या नव्हे; पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली. बाहेरगावच्या मराठी माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं. रावपुरा, दांडिया बाजार, घडियाळी पोळ, मांडवी या भागात चालताना आपली नजर दुकानाच्या पाटीपर्यंत जाते आणि तिथेच अडते. पाटीच्या वर बघा. पहिल्या मजल्यावर अजून लाकडी खांब, कोरीव तुळया, रंगीत काचेची झडपं टिकून आहेत, आणि त्यांच्यामधून एसीच्या नळ्या. नळ्या वगळून बघू नका, त्याही लिहा.

रीत अशी: एकच गल्ली, तीच, आठवड्यातून एकदा, महिनाभर. जाताना डाव्या बाजूचे वरचे मजले, येताना उजव्या. प्रत्येक फेरीला एकच विषय: एकदा दारं, एकदा कड्या-कोयंडे, एकदा ओटल्यावर काय ठेवलं आहे ते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मात्र आतून बघा. 19व्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चौमजली लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंती, दारं, छत, मोकळी जागा म्हणून सोडलेली नाही. कृष्णाच्या गोष्टी, महाभारत, फिरंगी साहेब, सगळे एकमेकांच्या शेजारी, जणू एकाच पंगतीला बसलेत. इथे माझा नियम मोडा आणि पहिल्या फेरीत नुसतं भांबावून घ्या. दुसऱ्या फेरीत एक दार निवडा.

वस्तीत वही घेऊन फिरलं की लोक विचारणारच. ओटल्यावर बसलेल्या एका काकांनी मला हटकलं, "कोणाचं घर शोधताय?"

"कोणाचं नाही काका. तुमच्या दाराची कडी बघतेय."

"विकायची नाही हं," ते म्हणाले. मग आत हाक मारली, "अगं, पाणी आण. आणि तो दिवा लाव वरचा, यांना कडी बघायची आहे." त्या कडीला मोराची मान होती, हात लागून लागून चोच झिजलेली. त्यांच्या वडिलांनाही ती तशीच आठवत होती म्हणे. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. माणसांचा तर विचारल्याशिवाय नकोच.

पायरी 5 : बाग, नदी आणि दूरचा डोंगर

निसर्गदृश्य म्हटलं की लोक महाबळेश्वरचं बोलतात. आपल्या गावाचं नावच मुळी वटोदर, वडाच्या पोटातलं. कमाटीबागेतला एखादा वड धरा. 1879 साली ही बाग झाली, झाडांची उणीव नाही. झाड बघताना शेंड्याकडे बघू नका. पारंब्या जिथे मातीला टेकतात ती जागा बघा, आणि टेकायला वीतभर राहिलेली एक पारंबी निवडून दर महिन्याला तिचं अंतर लिहा.

बागेला लागूनच विश्वामित्री. वास येतो, प्लास्टिक वाहतं, खोटं कशाला बोला. पण पावागडाच्या डोंगरात उगम पावलेल्या या नदीत भर शहरात मगरी राहतात. थंडीत सकाळी ऊन चढलं की त्या काठावर येऊन पडतात. पुलावरूनच बघा, काठाला उतरू नका. हे गंमत म्हणून सांगत नाही. दहा मिनिटं मगर हलत नाही. मग कळतं की आपण दहा मिनिटं न हलता उभे आहोत.

पावागडाला पावसाळ्यात एकदा जा, पन्नासेक किलोमीटर आहे. गर्दी माथ्यावर देवीला जाते. तुम्ही पायथ्याच्या चांपानेरला उतरा. या सगळ्या परिसराला 2004 साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. जामा मशिदीत दगडी जाळीतून फरशीवर पडणारा उजेड बघत बसा आणि ढग आला की जाळी कशी विझते तेवढंच लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वाटेवर पळस.

पायरी 6 : हातांकडे बघा

रोजच्या जगण्यातलं काय बघायचं असं कोणी विचारलं तर मी एकच उत्तर देते: काम करणारे हात. शेव-उसळवाल्याकडे उभे राहा. डाव्या हातात वाडगा, उजव्यानं वाटाणे, मग तरी, मग मुठीनं शेव, कांद्याची पात. मुठीतून शेव सुटताना अंगठा काय करतो ते बघा. आम्ही खाताना कधी बघितला नव्हता.

संक्रांतीच्या आधी रस्त्याकडेला दोरी रंगवायला बसतात. गुलाबी लगद्यातून धागा जातो, रंगवणाऱ्याच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि फिरकीवर गुलाबी दोऱ्याचा गठ्ठा वाढत जातो. त्या दोऱ्यावर काच असते आणि पतंगांच्या दिवसांत पक्षी कापले जातात, तेही त्याच पानावर लिहिलं पाहिजे. खंडेराव मार्केटकडच्या फुलवाल्या झेंडू ओवताना बोलत असतात, बघत नसतात. मी एका मावशींना विचारलं, "सुई बोटात जात नाही का?" त्या म्हणाल्या, "बघितलं तर जाते."

बडोद्याच्या कलावंतांना हे आधीच ठाऊक होतं. ज्योती भट्ट कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडले आणि बायकांनी अंगणात घातलेल्या रांगोळ्या, भिंतींवर काढलेली चित्रं टिपत राहिले. के. जी. सुब्रमण्यन इथे शिकवत असताना ललितकलेच्या जत्रेसाठी खेळणी करत. तेव्हा उसळवाल्याच्या अंगठ्याकडे बघताना संकोच वाटू नये.

पायरी 7 : महिन्याची खतावणी

महिनाअखेर वही उघडा. रोजमेळातल्या नोंदी खात्यावर चढवतात तशा त्या वेगळ्या कागदावर चढवा: उजेड, भिंती, हात, पाणी, झाडं, आवाज, जे खातं सुचेल ते. एक नोंद दोन खात्यांत गेली तरी चालेल, ऑडिट होणार नाही. मग बघा कुठलं खातं फुगलं आहे. बरेचदा ते आपल्याला वाटतं ते नसतंच. मला वाटायचं मला झाडं आवडतात. तीन महिन्यांच्या नव्वद नोंदींत झाडांच्या अकरा निघाल्या आणि चोवीस निघाल्या कडांच्या: पोपड्याची कड, पाण्याची कड, जरीचा काठ, मशिदीच्या उजेडाची कड, तव्यावर पोळीची करपलेली कड.

प्रेरणा म्हणून जे म्हणतात ते मला त्या कागदावर पहिल्यांदा आकड्यात दिसलं. जे खातं सर्वांत मोठं, त्याचं काहीतरी हातानं करा. लिहिता येत असेल तर लिहा, रांगोळी येत असेल तर पंधरा दिवस तेवढ्याच एका आकाराची रांगोळी काढा. काहीच येत नसेल तर एकाच गोष्टीचे वीस फोटो काढून आतेबहिणीला पाठवा, पण वीसच.

मला धावदोरा येतो. म्हणून गोधडी घेतली. आईची दोन जुनी सुती लुगडी, मध्ये चादर, आणि कडेला तीन पट्ट्या: बाहेर गुलाबी, तिच्या आत निळी, सगळ्यात आत पांढरी. पट्ट्या सरळ कापल्या नाहीत. भिंतीवरचा पोपडा जसा सुटला आहे तशा वेड्यावाकड्या, खिडकीत उभं राहून कापल्या. आठ महिने लागले. आई अधूनमधून विचारायची, "झाली का तुझी भिंत?"

चौथी बाजू राहिली होती तेव्हा दिवाळी आली आणि शेजाऱ्यांनी घराला रंग काढला. सगळी भिंत एका दिवसात क्रीम. मी जरा घुश्शातच होते, चार दिवस नोंद केली नाही. काल केली: 'सव्वासात, खिडकी. भिंत क्रीम, प्लास्टिक पेंट. खालून दीड वीत ओल वर आली आहे. रंगाला तीन फुगे, मधला लिंबाएवढा. त्याची कड मोहरीच्या रंगाची.'